आधी टेकू, मग खांब

काम असे आहे. सर्व्हरमध्ये चार डिस्कचा रेड-५ ॲरे आहे, प्रत्येक डिस्क ४ टीबीची. चारही काढून त्या जागी ८ टीबीच्या बसवायच्या आहेत. मधल्या काळात सर्व्हर बंद ठेवायचा नाही, डेटा तात्पुरता दुसरीकडे हलवायचा नाही, आणि त्याच सर्व्हरवरच्या फायली दिवसभर उघडणाऱ्या माणसांना खाली काय चालले आहे याचा पत्ता लागता कामा नये. लिनक्समध्ये हे काम दोघे मिळून करतात: कर्नलमधला ‘एमडी’ हा भाग आणि त्याला हुकूम देणारे ‘एमडीॲडम’ हे साधन. सगळे सुरळीत झाले तर बाहेरून पाहण्यासारखे काहीच घडत नाही, म्हणून यातली कारागिरी सहसा कुणाच्या नजरेत भरत नाही. ती मात्र जवळून पाहावी अशी आहे. मला या रचनेत सर्वांत भावतो तो तिचा क्रम. काय आधी लिहायचे, काय नंतर, जुने कधी सोडायचे, आणि नेमक्या त्याच क्षणी वीज गेली तर हाती काय उरेल, याचा विचार तिने पावलोपावली केलेला आहे.

रेडची मूळ कल्पना १९८८ची. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी त्या वर्षी शिकागोच्या सिग्मॉड परिषदेत एक निबंध मांडला. त्यात एका बाजूला होती आयबीएम ३३८० ही मेनफ्रेमची अवाढव्य, महागडी डिस्क आणि दुसऱ्या बाजूला कॉनर कंपनीची १०० एमबीची छोटी डिस्क. छोट्या, स्वस्त डिस्क पुष्कळ जोडल्या की वेग वाढतो, पण त्यांतली एखादी बिघडण्याची वेळही तितकीच लवकर येते. त्यावरचा उतारा म्हणजे पॅरिटी. तीन डिस्कवर डेटा, चौथीवर त्या तिन्हींचा एक्सॉर: एकाच जागचे तीन बिट पाहायचे, त्यांत १ विषम वेळा आला तर पॅरिटी १, सम वेळा आला तर ०. कोणतीही एक डिस्क गेली तरी उरलेल्या तिघींच्या एक्सॉरमधून ती परत उभी राहते. इथवर बहुतेकांना ठाऊक असते. नजरेतून सुटते ते पुढचे. एखादा छोटा तुकडा बदलायचा झाला तर पॅरिटी नव्याने काढायला सगळ्या डिस्क वाचाव्या लागत नाहीत. जुना डेटा आणि जुनी पॅरिटी तेवढी वाचायची, पॅरिटीतून जुना डेटा एक्सॉरने काढायचा, नवा एक्सॉरनेच घालायचा, आणि दोन्ही परत लिहायचे. दोन वाचने, दोन लेखने. मग ॲरेत डिस्क चार असोत की चौदा. बेरीज आणि वजाबाकी ही एकच क्रिया असलेले गणित निवडल्याचे हे फळ आहे, आणि इतक्या थोड्या साधनांत इतके साधलेले गणित फारसे पाहायला मिळत नाही.

पॅरिटी एकाच डिस्कवर ठेवली तर प्रत्येक लेखनासाठी त्या एकीच्याच दारात रांग लागते, म्हणून रेड-५मध्ये ती फिरती असते. पण फिरवायची कशी? एमडीची नेहमीची मांडणी आहे ‘लेफ्ट-सिमेट्रिक’. चार डिस्क डावीकडून उजवीकडे मांडल्या आहेत आणि डेटाच्या तुकड्यांना, म्हणजे चंकना, शून्यापासून क्रमांक दिले आहेत असे समजा. पहिल्या पट्ट्यात, म्हणजे चारही डिस्कवरच्या पहिल्या ओळीत, ०, १, २ आणि शेवटी पॅरिटी. दुसऱ्या पट्ट्यात पॅरिटी एक घर डावीकडे सरकते. आता सरळ विचार करणारा माणूस डावीकडूनच ३, ४, पॅरिटी, ५ असे भरेल. लेफ्ट-सिमेट्रिक तसे करत नाही. ती पॅरिटीच्या लगेच उजवीकडून सुरुवात करते आणि वळसा घालून डावीकडे येते: ४, ५, पॅरिटी, ३. तिसरा पट्टा ८, पॅरिटी, ६, ७. चौथा पॅरिटी, ९, १०, ११. आता बोट ठेवून ०पासून ११पर्यंत क्रमाने जा. पहिली डिस्क, दुसरी, तिसरी, चौथी, पुन्हा पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. कुठूनही सलग चार चंक वाचा, चारही डिस्क कामाला लागतात, एकही रिकामी बसत नाही. सरळ मांडणीत ०पासून ३पर्यंतचे चार चंक वाचताना पहिल्या डिस्कला दोन हेलपाटे पडले असते आणि चौथी नुसती पाहत राहिली असती. १९९१मध्ये एडवर्ड ली आणि कॅट्झ यांनी पॅरिटीच्या जागेमुळे वेगात काय फरक पडतो याचा खास अभ्यास केला, तो अशाच बारकाव्यांसाठी. एक घर सरकवण्याऐवजी वळसा घालणे, बस इतकाच बदल. पण तो ज्याला सुचला त्याला माझा मनापासून नमस्कार.

आता डिस्कच्या ओळखीकडे वळू. लिनक्समध्ये डिस्कला ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशी नावे मिळतात ती सापडण्याच्या क्रमाने, आणि रीबूटनंतर ती बदलू शकतात. म्हणून डिस्क बदलणारा जाणता माणूस नावावर कधी विसंबत नाही. तो सिरीयल नंबर पाहतो, त्याची शेवटची चार अक्षरे ट्रेच्या तोंडावर चिकटवून ठेवतो आणि मगच हँडल ओढतो. एमडीसुद्धा असाच जाणता आहे. ऑस्ट्रेलियाच्या नील ब्राउन यांनी २००१च्या सुमारास एमडीॲडम लिहायला घेतले आणि पुढे दीड दशक एमडीचा सांभाळ केला. त्याआधीच्या साधनांना कोणती डिस्क कुठे हे वेगळ्या फाइलीत लिहून द्यावे लागे. एमडीॲडम ते प्रत्येक डिस्कवरच्या सुपरब्लॉकमधून वाचते: मी कोणत्या ॲरेची, त्यात माझी जागा कितवी. चारही डिस्क काढून उलटसुलट स्लॉटमध्ये घाला, दुसऱ्या मशीनमध्ये घाला. ॲरे जुळून येतो. याच सुपरब्लॉकमध्ये एक साधा मोजणी-आकडा असतो, इव्हेंट काउंट. ॲरेच्या अवस्थेत बदल झाला की तो पुढे जातो. एखादी डिस्क मधेच गळाली तर तिचा आकडा तिथेच थांबतो, बाकीच्यांचा पुढे सरकतो. उद्या ती सैल केबल घट्ट करून कुणी ती डिस्क परत आणली, तर तिच्यावरचा मजकूर वरवर कितीही धडधाकट दिसला तरी ती मागे पडली आहे हे एमडी आकड्यावरून ओळखतो आणि तिचे म्हणणे खरे धरत नाही. घड्याळावर विश्वास न ठेवता नुसत्या मोजणीने काळ ओळखण्याची ही रीत फार समंजस आहे.

मागे पडलेल्या त्या डिस्कला पुन्हा सगळे पहिल्यापासून लिहायला लावायचे का? इथे येतो बिटमॅप. कुठल्याही भागात लिहिण्याआधी एमडी डिस्कवर एक खूण करतो: इथे काम सुरू आहे. ती खूण पक्की उतरली की मगच डेटा आणि पॅरिटी लिहिली जाते. खूण पुसण्याची मात्र घाई नाही. ती थोडे थांबून, सवडीने पुसली जाते, म्हणजे त्याच भागात लागोपाठ लेखन झाले तर पुन्हा पुन्हा खूण करावी लागत नाही. मोठ्या ॲरेत एक बिट सहसा ६४ एमबीचा भाग सांभाळतो. वीज गेली आणि परत आली, तर टेराबाइटच्या टेराबाइट तपासण्याऐवजी खुणा असलेले तेवढेच भाग जुळवून घेतले जातात. याहून सुंदर बारकावा पुढे आहे. ॲरेतली एक डिस्क गैरहजर असताना एमडी खुणा पुसायचे थांबवतो. त्या साचत जातात, कारण गेलेली डिस्क परतली तर तिच्या पश्चात काय काय बदलले त्याची यादी तीच. डिस्क पुन्हा जोडली की फक्त तेवढे भाग तिच्यावर उतरतात आणि रात्रभराचे काम कधी कधी काही मिनिटांत आटोपते. डेटा लिहिला आणि पॅरिटी लिहायच्या आत वीज गेली, त्यात एखादी डिस्कही आधीच गेलेली असली, तर मात्र बिटमॅप पुरत नाही. त्या फटीसाठी कर्नल ४.४मध्ये वेगळा जर्नल आला आणि ४.१२मध्ये पॅरिटीचा अंशतः लॉग ठेवण्याची सोय. सूत्र तेच: आधी नोंद, मग कृती.

आता प्रत्यक्ष डिस्क-बदली. जुनी पद्धत अशी की डिस्कला ‘फेल’ म्हणून घोषित करायचे, ओढून काढायचे, नवी घालायची आणि रीबिल्ड होऊ द्यायचा. ॲरे प्रत्येक डिस्कवरची ४ टीबीच वापरतो, पण तेवढी सेकंदाला १५० एमबी वेगाने लिहिली तरी सुमारे साडेसात तास. ते साडेसात तास ॲरे उघड्यावर असतो आणि उरलेल्या तिन्ही जुन्या डिस्क एकही चूक न करता टोकापासून टोकापर्यंत वाचून काढाव्या लागतात. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात १०चा १४वा घात इतक्या बिटमागे जास्तीत जास्त एक न वाचता येणारी जागा, असे लिहिलेले असते. तो आकडा म्हणजे १२.५ टीबी, आणि तीन जुन्या डिस्क मिळून आपण वाचणार १२ टीबी. प्रत्यक्षात डिस्क माहितीपत्रकापेक्षा पुष्कळ बऱ्या वागतात, पण धडधाकट डिस्क हाताने मारून हा जुगार खेळावाच कशाला?

जुन्या वाड्यातला कुजत चाललेला खांब बदलताना जाणता सुतार आधी तुळईला टेकू देतो, आणि मगच खांबाला हात घालतो. २०१२च्या सुमारास कर्नल ३.३पासून एमडीला हेच करता येऊ लागले. त्या हुकमाचे नाव ‘रिप्लेस’. नवी डिस्क मोकळ्या स्लॉटमध्ये घालायची, अमकीच्या जागी तमकी असे सांगायचे. जुनी डिस्क कामावरच राहते. एमडी तिच्यावरून सरळ नव्या डिस्कवर नक्कल उतरवतो. बाकीच्या डिस्कना त्रास नाही. जुनीवरची एखादी जागा वाचता आली नाही, तर तेवढ्यापुरती ती जागा पॅरिटीच्या मदतीने इतर डिस्कवरून काढली जाते. मधल्या काळात नवे लेखन आले तर ते जुन्या आणि नव्या दोन्ही डिस्कवर जाते, म्हणजे नक्कल मागे पडत नाही. ॲरेची अवस्था दाखवणारी ‘एमडीस्टॅट’ ही फाइल उघडून पाहा: चौकटी कंसात चार ‘यू’ ओळीने उभे असतात, चारही हजर असल्याची ती खूण. डिग्रेडेड, म्हणजे एक डिस्क गमावलेल्या, ॲरेत जिथे खालची रेघ दिसते तिथे इथे पूर्ण साडेसात तास ‘यू’च दिसतो. नक्कल पूर्ण झाली, नवी डिस्क त्या जागेवर रुजू झाली, की मगच जुनीला ‘फेल्ड’ ठरवून रजा मिळते. माझे मत स्पष्ट आहे: सर्व्हर घेतानाच एक स्लॉट मोकळा राहील असा घ्यावा, केवळ या एका हुकमासाठी. आणि नव्या डिस्क घेताना शिंगल्ड जातीच्या, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर अंशतः चढवून लिहिणाऱ्या, टाळाव्यात. सलग, दीर्घ लेखनात त्या धापा टाकतात. एवढी काळजी घेतली तर रिप्लेसइतके देखणे काम सर्व्हर-रूममध्ये दुसरे नाही.

याच कामात वेगाची एक मर्यादा जपलेली असते. वापरणाऱ्यांची वर्दळ असेल तर एमडी आपले काम मंदावतो, पण अगदी शून्यावर कधी येत नाही. प्रत्येक डिस्कमागे सेकंदाला १००० केबी हा नेहमीचा तळ आहे. माणसांना वाट दिली जाते, तरी काम रेटतच राहते.

वाचताना अडचण आली तर काय, हेही पाहण्यासारखे आहे. एका डिस्कवरची एक जागा वाचता आली नाही म्हणून एमडी ती डिस्क लगेच बाहेर काढत नाही. इतरांवरून तो मजकूर काढतो, त्याच जागी परत लिहितो आणि पुन्हा वाचून पाहतो. लिहिताना डिस्क ती खराब जागा आपल्या राखीव जागेने बदलून घेते. म्हणजे एका वाचनातच दुरुस्ती होऊन जाते. यासाठी डिस्कने मात्र वेळेत हार मान्य करायला हवी. सर्व्हरसाठीच्या डिस्क सहसा सात सेकंदांत सांगतात की नाही जमत. घरगुती डिस्क मिनिटेच्या मिनिटे झगडत बसतात, कर्नल तीस सेकंदांत कंटाळतो, आणि एका खराब सेक्टरपायी चांगली डिस्क ॲरेबाहेर फेकली जाते. ‘स्मार्टसीटीएल’ या साधनाने डिस्कला ती सात सेकंदांची शिस्त घालून देता येते, जिला मानवते तिला. ज्यांनी डिस्कचा आणि कर्नलचा हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून पाहिले नाहीत त्यांना ॲरे वारंवार का तुटतो हे कळत नाही.

कुणी न वाचलेल्या जागांवरच्या चुका मात्र तशाच झोपून राहतात. म्हणून महिन्यातून एकदा संपूर्ण ॲरे वाचून पॅरिटी ताडून पाहतात. ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉनसाठीच्या डेबियनच्या जुन्या नोंदीत ही वेळ महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर ००:५७ अशी दिलेली आहे. क्रॉनला ‘महिन्याचा पहिला रविवार’ थेट सांगता येत नाही, तेव्हा दर रविवारी उठायचे आणि तारीख ७ किंवा तिच्या आतली असेल तरच पुढे जायचे, अशी सोय तिथे आहे. तपासणीत डेटा आणि पॅरिटी जुळली नाही तर एमडी विसंगती मोजून ठेवतो; कोण खोटे बोलत आहे याचा अंदाज बांधत नाही. रेड-५मध्ये ते ठरवायला लागणारी माहितीच त्याच्यापाशी नसते. झेडएफएस ही फाइल सिस्टिम प्रत्येक ब्लॉकचा चेकसम ठेवते म्हणून ती ते ठरवू शकते, आणि तिथे ती सरसच आहे. पण जे कळत नाही ते कळल्याचा आव न आणणे हा एमडीचा गुणही मला तितकाच मोलाचा वाटतो.

चौथी डिस्क बदलेपर्यंत ॲरेचा आकार वाढत नाही, कारण आकार सर्वांत लहान डिस्कवर ठरतो. चारही झाल्या की एक हुकूम, आणि १२ टीबीचे २४ टीबी होतात. नव्या भागाची पॅरिटी मागे तयार होत राहते. मग फाइल सिस्टिम. एक्सएफएस वाढवणाऱ्या ‘एक्सएफएस-ग्रोएफएस’ला सहसा फाइल सिस्टिम जिथे जोडलेली आहे ती जागा दिली जाते; वापरात असतानाच तिला वाढवायचे, हे तिथे मुळातच गृहीत धरले आहे.

डिस्क मोठ्या न करता पाचवी जोडायची असेल तर खेळ आणखी रंगतो. जुन्या पट्ट्यात डेटाचे तीन चंक होते, नव्यात चार हवेत. म्हणजे सगळा डेटा नव्याने मांडायचा, तोही त्याच डिस्कवर आणि चालू ॲरेत. पहिला नवा पट्टा भरायला जुना पहिला पट्टा आणि दुसऱ्यातला एक चंक लागतो, आणि तो लिहिला जातो नेमका जुन्या पहिल्या पट्ट्यावरच. त्या क्षणी वीज गेली तर जुने पुसलेले आणि नवे अर्धवट. पण पुढे काय होते पाहा. तीन नवे पट्टे लिहून होईतो जुने चार वाचून झालेले असतात. वाचणारा लिहिणाऱ्याच्या पुढे एक पट्टा, मग दोन, मग तीन असा अंतर वाढवत जातो, आणि लवकरच लिहिणारा ज्या जागेवर लिहितो तिथला जुना मजकूर नव्या मांडणीत आधीच सुखरूप पोचलेला असतो. धोका आहे तो फक्त सुरुवातीला. किती सुरुवातीला? तीन आणि चार यांचा लसावि १२. बारा चंक, प्रत्येक ५१२ केबीचा: ६१४४ केबी. शाळेतल्या लसाविने इथे १२ टीबीच्या डेटातला सगळा धोका सहा एमबीत आणून ठेवला आहे. एमडीॲडम तेवढ्याची प्रत आधी काढून ठेवते आणि मगच हात घालते. पुढच्या आवृत्त्यांनी तेही टाळले. डिस्कच्या सुरुवातीला साधारण १२८ एमबी जागा मोकळी सोडायची, आणि नवी मांडणी थोडी अलीकडून सुरू करायची, म्हणजे लिहिणारा पहिल्या पावलापासूनच वाचणाऱ्याच्या मागे राहतो. आपण कुठवर आलो हे सुपरब्लॉकमध्ये लिहिले जात असते, त्यामुळे मधेच रीबूट झाला तरी काम तिथून पुढे चालू. ही मोकळी जागा ॲरे बनवतानाच, वाढवण्याचा विचारही कुणाच्या मनात नसताना सोडलेली असते. त्या दूरदृष्टीचे मला फार कौतुक वाटते.

८ टीबीच्या डिस्क आल्यावर एक पॅरिटी पुरेशी आहे असे मी म्हणणार नाही. पाचवी डिस्क आणायचीच तर रेड-६ करावा. दोन डिस्क एकाच वेळी गेल्या तरी तो तगतो, कारण पहिल्या पॅरिटीखेरीज तिथे ‘क्यू’ नावाची दुसरी असते. तिचे गणित एव्हारिस्त गाल्वाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्षेत्रातले आहे, तो फ्रेंच तरुण जो १८३२मध्ये विसाव्या वर्षी गेला. पहिल्या डिस्कचा डेटा तसाच, दुसरीचा दोनने गुणून, तिसरीचा चारने, चौथीचा आठने, आणि सगळ्यांचा एक्सॉर. गुणाकार आला म्हणजे काम महाग व्हायला हवे. लिनक्सचा रेड-६ लिहिणाऱ्या एच. पीटर ॲन्विन यांची मेख इथे आहे. शेवटच्या डिस्कपासून सुरू करायचे: तिला दोनने गुणायचे, आधीची मिळवायची, पुन्हा दोनने गुणायचे, त्याआधीची मिळवायची. अशा रीतीने दोनखेरीज कशानेही गुणावे लागतच नाही. या क्षेत्रात दोनने गुणणे म्हणजे बाइट एक घर डावीकडे सरकवणे, आणि वरचा बिट बाहेर सांडला तर २९शी एक्सॉर करणे.

रेड-५चा रेड-६ होताना या दोन मांडण्यांची सोयरीकही जमवलेली आहे. ‘लेफ्ट-सिमेट्रिक-६’ ही मांडणी अशी की जुन्या चार डिस्कवरचे सगळे जिथल्या तिथे राहते आणि पाचवीवर फक्त क्यू भरला जातो. एकही चंक हलत नाही. पाहिजे तर तिथेच थांबा. क्यूसुद्धा फिरता हवा असेल तर पुढचे फेरमांडणीचे काम करा. तिथे मात्र डेटाचे चंक पट्ट्यामागे तीनच राहतात, वाचणारा कधी पुढे जात नाही, आणि सुरुवातीची मोकळी जागा वापरता आली नाही तर प्रतीची फाइल अखेरपर्यंत जवळ ठेवावी लागते. मी पहिल्या पायरीवरच थांबतो. क्यूची डिस्क लेखनात जास्त राबते हे खरे, पण कशालाही धक्का न लावता मिळालेली दुसरी पॅरिटी मला त्या किमतीत स्वस्त वाटते.

आणि हा क्यू काढण्याचा कोड एकच नाही. वेगवेगळ्या प्रोसेसरांच्या क्षमता वापरणारे अनेक प्रकार लिहून ठेवलेले आहेत, आणि कोणता चांगला हे कर्नल गृहीत धरत नाही. रेड-६चा भाग सुरू होताना तो त्या मशीनला चालणारे प्रकार खरोखर पळवून पाहतो, वेग मोजतो, सर्वांत जलद निवडतो आणि निवडलेल्याचे नाव व वेग लॉगमध्ये लिहून ठेवतो. कर्नलचा लॉग दाखवणारे ‘डीमेसेज’ उघडलेत तर ती ओळ जरूर शोधा. बहुतेक लोक ती न वाचता पुढे जातात.